गाडीचं तोंड कुणीकडं?

माझी जागा व्हॅनच्या शेवटच्या सीटवर असते, आणि तीही उलटी. बाकीचे सगळे पुढे बघत बसतात, मी मागच्या काचेतून मागे बघत बसते. मागे आमची बुटकी ट्रॉली असते आणि ट्रॉलीवर कुणाची तरी स्पोर्ट्स कार. पट्टे सैल झाले का, चाक हललं का, ट्रॉली डुलायला लागली का, एवढंच बघायचं. गोव्याला, पुण्याला, एकदा थेट कोइमतूरलाही मी अशी उलटी जाऊन आले आहे. त्यामुळे मला कुठलंही गाव येताना दिसत नाही. ते फक्त जाताना दिसतं.

दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव लिहून द्या, असं सांगितलं गेलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी घरातलं. शिवाय माझ्या अनुभवांतून काय कळलं असं कुणी विचारलं, तर मला नीट सांगता येत नाही. बहुतेक वेळा गिऱ्हाइकांनी असं का केलं हे मला कळलेलंच नसतं. पण लिहिताना कुणी समोर बसून बघत नाही, हे मला बरं वाटलं.

पप्पांचा मूळ धंदा माणसं नेण्याचा. लग्नाची वऱ्हाडं, शाळांच्या सहली, आणि मधल्या दिवसांत वडाप, म्हणजे माणसं भरेपर्यंत थांबायचं आणि भरली की सुटायचं. कोल्हापुरात मोटारींच्या शर्यतींचं वेड जुनं आहे. एका गॅरेजवाल्यांना शर्यतीची गाडी परगावी न्यायची होती. त्यांच्याबरोबर मेकॅनिक, टायर, हत्यारं आणि जेवणाचे डबेही होते. ते पप्पांना म्हणाले, "तुमच्या व्हॅनला मागं ट्रॉली जोडली तर सगळं एका दमात जाईल की." पप्पांनी हूक बसवून घेतला, परवानगीची कागदपत्रं केली, आणि आमचा नवा धंदा सुरू झाला. शर्यतीची किंवा घरी बांधलेली गाडी रस्त्यावर चालवायची परवानगी नसते, म्हणून तिला असं पाठीवर न्यावं लागतं. मोठ्या ट्रकवर ती चढत नाही, पोट घासतं. आमची ट्रॉली जमिनीला टेकल्यासारखी आहे, तिच्यावर चढते.

गिऱ्हाइकांचे मेल इंग्रजीत यायला लागले तेव्हा पप्पांनी फोन माझ्या हातात दिला. "तुला त्या शाळेत कशाला घातलंय मग?" मेलला उत्तरं देता देता मी गाडी चढवताना उभी राहायला लागले, मग बांधायला लागले, आणि मग बरोबर जायला लागले. आमचे ड्रायव्हर सदामामा पप्पांच्या लग्नाच्या आधीपासून आमच्याकडे आहेत. त्यांना आरशात ट्रॉलीच्या कडा दिसतात, पण मधलं दिसत नाही. ते मी बघते. मला ओरडायला आवडत नाही, म्हणून आमची एक रीत ठरली आहे. बोटातल्या अंगठीनं सीटच्या लोखंडी दांडीवर एकदा टक् केलं की मामांनी हळू व्हायचं, दोनदा केलं की सगळं ठीक. एसटीच्या घंटीसारखंच. मागे बघत बसणाऱ्या माणसाशी कुणी फार बोलत नाही, हा या जागेचा मोठा फायदा आहे.

तरी लोक बोलतातच. एकदा नाक्यावर हवालदारांनी थांबवलं. आधी व्हॅनभोवती फिरले, मग ट्रॉलीभोवती.

"ह्यात परवासी कोण आणि माल कोण?"

"आत माणसं, मागं गाडी, सायेब," मामा म्हणाले.

"मग मागच्या गाडीत माणसं का न्हाईत?"

"ती चालवत न्हाईत, सायेब."

"चालवत न्हाईत, तर मग निघाली कुठं?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी कागदांची फाइल पुढे केली. हवालदारांनी सगळे कागद बघितले, ते बरोबर निघाले, तेव्हा तर ते जास्तच गोंधळले. शेवटी गाडीशेजारी उभं राहून त्यांनी एक फोटो काढून घेतला आणि जा म्हणून हात केला.

कळंब्याचे एक निवृत्त साहेब होते. त्यांना आपली जुनी दोन सीटची गाडी गोव्याला मुलीकडे न्यायची होती, आणि ट्रॉलीवर चढलेल्या त्या गाडीतच बसून जायचं होतं. पप्पा नाही म्हणाले तर ते रुसले. मग माझ्याशेजारी, माझ्यासारखेच उलटे तोंड करून बसले, आणि गोव्यापर्यंत गाडीकडे बघत राहिले. मी अवाक्षर बोलले नाही, तेही नाहीत. उतरल्यावर त्यांनी पप्पांना फोन केला, "तुमची मुलगी फार छान बोलते हो. कंटाळा आला नाही." मी त्या वाक्याचा अजून विचार करते.

पण सांगायची आहे ती रणजितच्या गाडीची गोष्ट.

गारगोटीच्या पुढे एका वाडीत आप्पांचं घर आहे. ऊस आहे, म्हशी आहेत. त्यांचा एकुलता मुलगा रणजित, डिप्लोमा झालेला, कोल्हापुरात एका वर्कशॉपमध्ये कामाला जायचा आणि घरी आला की गोठ्यात शिरायचा. गोठ्यात त्यानं स्वतःच्या हातानं स्पोर्ट्स कार बांधली होती. भंगारातलं इंजिन, स्वतः जोडलेल्या नळ्यांचा सांगाडा, फायबरचं अंग, आणि रंग हळदीसारखा पिवळा. तिच्यासाठी म्हशी बाहेर पत्र्याखाली गेल्या होत्या. पुण्याजवळ शर्यतीच्या गाड्या तयार करणारी एक कंपनी होती. त्यांनी रणजितला गाडी घेऊन बोलावलं होतं. गाडी त्यांच्या मैदानावर चालवून बघणार, आवडली तर त्याला कामावर घेणार.

आम्ही उजाडता उजाडता पोचलो तेव्हा आप्पांनी आम्हालाच काय, जमलेल्या सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं. "ही एक बारी. झालं तर झालं. न्हाई तर गाडी भंगारात आणि म्हशी परत गोठ्यात. रणज्या, सगळ्यांच्या म्होरं सांगून ठेवतोय, मागनं म्हनू नगंस."

रणजितच्या हातात फडकं होतं. तो गाडीचा आरसा पुसत होता. आरसा आधीच स्वच्छ होता.

आता थोडं धंद्याचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. ट्रॉलीची चाकं साधारण मध्यावर असतात, म्हणजे ती तराजूसारखी असते. तिचं पुढचं टोक व्हॅनच्या हुकावर थोडं दाबून बसलेलं हवं. नेहमीच्या गाडीचं इंजिन पुढे असतं, म्हणून ती तोंड पुढे करून चढवली की वजन आपोआप पुढे येतं. रणजितच्या गाडीचं इंजिन सीटच्या मागे होतं. अशी गाडी तोंड पुढे करून चढवली तर वजन मागे जातं, हुकावरचा दाब सुटतो, आणि वेग वाढला की ट्रॉली शेपटीसारखी हलायला लागते. एकदा जोरात हलायला लागली तर ती व्हॅनलाही घेऊन जाते. म्हणून इंजिन मागे असलेली गाडी उलटी चढवायची, तोंड मागे करून.

हे मी आप्पांना सांगितलं. माझा आवाज मुळात लहान, त्यात गल्लीभर माणसं. रणजितची आई, ज्यांना मी काकी म्हणते, आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. बॉनेटला हळदकुंकू लागलं होतं, पुढे नारळ फुटला होता.

"पाठमोरी?" आप्पा म्हणाले. "घरातनं चांगल्या कामाला पाठमोरं कोण भाईर पडतंय, पोरी? तोंड घराकडं करून निघालं म्हंजे निघायच्या आदीच परत आलं."

"आप्पा, वजनाचं आहे," मी म्हणाले.

"वजनाचं हाय ते बांध की घट्ट. तुझं कामच हाय ते."

मी रणजितकडे बघितलं. गाडी त्यानं बांधली होती. इंजिन कुठे आहे आणि त्यानं काय होईल हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसणार. तो खाली बघत म्हणाला, "मॅडम, आता जाऊ द्या असंच." मामांनी मधला मार्ग काढला. "कोल्हापूरपतोर रस्ता बारीक हाय, जोरात जायाचंच न्हाई. पुढं जाऊन फिरवू." मी गाडी पुढे जाईल तेवढी पुढे सरकवली. चाकं ट्रॉलीच्या पुढच्या ठोकळ्याला टेकली, तरी हुकावरचं टोक हातानं उचललं जाईल इतकं हलकं राहिलं.

आणि मग माणसं चढली. आमच्या धंद्यात हेच वेगळं आहे. ट्रकवाला नुसती गाडी नेतो, आमच्याकडे सीट रिकाम्या दिसतात. आप्पा, काकी, रणजित, भावकीतले चौघे-पाच, भाकरीची चवड, खर्डा, दह्याचा डबा, पाण्याची कळशी. कुणीतरी ढोलकी आणायची का म्हणून विचारलं. मला खरंच कळेना, आपण गाडी पोचवायला निघालोय की मुलगी बघायला.

कोल्हापूर येईपर्यंत सगळं ठीक होतं. कोल्हापूर ओलांडल्यावर पेट्रोल पंपावर मामांनी गाडी बाजूला घेतली आणि म्हणाले, "आता फिरवूया." कुणी उतरायलाच तयार नाही. आप्पा म्हणाले, "आलो की एवढं नीट. काय झालं? आन् पोराला येळ हुतोय." ते खरं होतं. कंपनीनं दुपारच्या जेवणाच्या आत बोलावलं होतं. गाडी चालवून बघणारा माणूस नंतर निघून जाणार होता. रणजित दर थोड्या वेळानं फोनमध्ये बघत होता. मामा म्हणाले, "बरं, पण मी हळूच जाणार." आणि ते हळू जात होते. पण मागच्या सीटवर बसून मला कळत होतं की हळू म्हणजे किती हे प्रत्येक मैलाला बदलतंय. रणजित मामांच्या मागच्या सीटवर पुढे वाकून बसला होता. त्याच्या वाकण्यानं मामांचा पाय खाली जात होता.

किणीचा टोलनाका गेला, रस्ता मोठा झाला. आत वाद रंगला होता. कंपनीवाल्यांना काय काय सांगायचं हा विषय होता.

"पोराला सांजचं भात लागतोय, ते आदी सांगा."

"आन् सनाला सुट्टी. महाशिवरात्रीला धरून."

"आरं, आदी ठेवून तर घेऊ दे!"

मागून एक लांब कंटेनर आला आणि आम्हाला ओलांडून गेला. त्याचा वारा ट्रॉलीला लागला. मला पिवळ्या गाडीचा डावा दिवा दिसला. मग ती परत सरळ आली आणि पलीकडे गेली, उजवा दिवा दिसला. मग परत डावा, आणि या वेळी दरवाजासुद्धा. मी अंगठीनं टक् केलं. परत केलं. आत हसण्याचा एवढा गलका होता की मलाच ऐकू आलं नाही. आता काचेतून गाडी जाऊन रस्त्याकडेचा ऊस दिसत होता, मग गाडी, मग दुसऱ्या बाजूचा दुभाजक. माझ्या सीटखालचं व्हॅनचं बूड सरकल्यासारखं झालं.

"मामा, पाय काढा! ब्रेक नको! पाय काढा!"

तो आवाज माझा होता, हे मला थोड्या वेळानं समजलं. मामांनी पाय काढला. ब्रेक दाबला असता तर ट्रॉलीनं आम्हाला फिरवलं असतं, हे त्यांना माहीत होतं. ते फक्त स्टिअरिंग घट्ट धरून बसले. शेपटी हळूहळू थांबली, व्हॅन हळूहळू थांबली, आणि आत एकदम कुणी नाही असं वाटलं.

मग भावकीतला एक जण म्हणाला, "काय झालं?"

दुसरा म्हणाला, "पोरगी वराडली."

पुढे रस्त्याच्या बाजूला बंद पडलेल्या ढाब्याचं मोकळं पटांगण होतं. मामांनी चालण्याच्या वेगानं तिथे नेलं. सगळे उतरले. रणजित ट्रॉलीभोवती एक चक्कर मारून आला. मी म्हणाले, "आता फिरवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही." एवढं लांब वाक्य मी गिऱ्हाइकाला पहिल्यांदाच बोलले असेन.

"न्हाई," आप्पा म्हणाले.

"आप्पा, उसाच्या ट्रॉलीत सगळा ऊस मागं भरला तर काय होतं?"

"ट्रॅक्टर फुडनं उठतंय."

"तसंच हे."

"कळतंय गं मला," आप्पा म्हणाले. "मी काय खुळा हाय? कळतंय म्हनून पटतंय असं असतंय व्हय? अर्ध्या वाटंत गाडीचं तोंड घराकडं फिरवायचं. एकच बारी हाय पोराची. आन् तीच तू उलटी कराय लागलीस."

मी चाट पडले. कारण तोपर्यंत मी समजत होते की आप्पांना हे काम व्हायलाच नको आहे. सकाळी भंगार आणि म्हशींची भाषा करणारा माणूस इथे उन्हात उभा राहून पोराच्या एका बारीसाठी भांडत होता. मी बाजूला जाऊन रणजितला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना? मग सकाळीच का नाही सांगितलंत?"

तो म्हणाला, "आप्पांनी माझ्या गाडीबद्दल आजवर कायसुद्धा सांगितलं न्हवतं. ना रंग, ना नाव. एवढं एकच सांगितलं, तोंड पुढं असू दे. मग मी कसं न्हाई म्हनू?" आणि लगेच म्हणाला, "राहू दे. फोन करून सांगतो, जमत न्हाई म्हनून."

त्यानं खरंच फोन काढला. आप्पा बघत होते. मामा टायरवर पाय ठेवून उभे होते. रस्त्यावरून ट्रक जात होते, आणि प्रत्येक ट्रक गेला की आणखी थोडा वेळ संपत होता.

काकी एवढा वेळ व्हॅनच्या पायरीवर बसून होत्या. त्या उठून आल्या. सकाळपासून त्यांना कुणाशी बोलताना मी ऐकलं नव्हतं.

"नांदायला जाणारी लेक कुणीकडं तोंड करून जाती वो?" त्यांनी आप्पांना विचारलं.

आप्पांना कळलं नाही. मलाही नाही.

"माझंच सांगतो. तुमच्या वराडाच्या जीपमदनं आलो, तवा सगळी वाट मागंच बघत आलो न्हवं? माझ्या आईचं दार दिसायचं बंद झालं तरी मागंच बघत हुतो. तुम्ही म्हनलासा बी, मान मोडंल म्हनून. मग परत गेलो काय? हितंच हाय न्हवं, एवढी वर्सं तुमच्या म्हशींचं शेण काढत?"

भावकीतले हसले. एक जण म्हणाला, "घ्या आप्पा! वकील घरातच हाय."

आप्पा हसले नाहीत. त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. मग रणजितला म्हणाले, "फोन ठेव त्यो. फिरवा."

गाडी उतरवली. आता ती फिरवून मागून वर चढवायची, त्यासाठी इंजिन सुरू करावं लागलं. तो आवाज पटांगणात घुमला तेव्हा रस्त्यावरचे दोन मोटारसायकलवाले थांबले. रणजितनं गाडी वळवण्यासाठी पटांगणाची एक मोठी चक्कर घेतली. गरजेपेक्षा ती जरा मोठीच होती. आप्पा मान फिरवत तिच्याकडे बघत होते. नंतर मला समजलं की त्यांनी ती चालताना कधी पाहिलीच नव्हती. गोठ्यात जागा किती असते? सकाळीही ती गल्लीनं ढकलूनच चढवली होती. त्यांनी नुसता आवाज ऐकला होता, तोही म्हशी बिथरतात म्हणून शिव्या देत.

उलटी चढवल्यावर ट्रॉलीचं टोक हुकावर दाबून बसलं. आता मला काचेतून तिचं इंजिन दिसत होतं आणि तिचं तोंड कोल्हापूरकडे होतं. खंबाटकी घाटातसुद्धा ती एवढीशीही हलली नाही. मी दोनदा टक् टक् करत राहिले. आता आत सगळे गप्प होते, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू जात होतं. काकी माझ्याशेजारी येऊन मागे बघत बसल्या.

पोचायला उशीर झालाच. जेवणाची वेळ होऊन गेली होती. रखवालदारानं एका गाडीचं नाव लिहून घ्यायला वही काढली आणि व्हॅनमधून एवढी माणसं उतरताना बघून परत ठेवून दिली. फक्त रणजितला आणि गाडीला आत सोडलं. आम्ही भिंतीबाहेर झाडाखाली भाकऱ्यांचं फडकं सोडून बसलो. कुणी खाल्लं नाही. बराच वेळ काही नाही, आणि मग भिंतीपलीकडून तो आवाज आला, लांब जाणारा, जवळ येणारा, परत लांब जाणारा. गाडी चालवून बघणारा तो माणूस थांबला होता. आप्पा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आवाज जिकडे जाईल तिकडे त्यांची मान हळूहळू वळत होती.

रणजित बाहेर आला आणि म्हणाला, "गाडी ठेवून घेत्यात काही दिवस. तपासायला. मी बी ऱ्हातोय." म्हणजे झालं की नाही झालं? त्यालाच माहीत नव्हतं. त्यानं कपडे आणले नव्हते. भावकीतल्या एकानं आपला स्वेटर काढून दिला. काकींनी सगळ्या भाकऱ्या त्याच्याकडे दिल्या.

परत येताना मी रिकाम्या ट्रॉलीकडे बघत होते. रिकामी ट्रॉली भरलेलीपेक्षा जास्त उड्या मारते, आवाजही जास्त करते. कुणी भंगाराचं किंवा म्हशींचं नाव काढलं नाही.

नंतर बरेच दिवस काही कळलं नाही. मला विचारावंसं वाटायचं, पण गाडी पोचवल्यावर आपलं काम संपतं. मग एका सकाळी आप्पांचा फोन आला. "पोरी, ट्रॉली घिऊन जा पुण्याला. गाडी आणायची हाय." मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. ठेवल्यावर वाईट वाटलं. एवढं सगळं करून शेवटी म्हशी गोठ्यात.

या वेळी मामा आणि मी दोघंच गेलो. फाटकातून रणजित बाहेर आला. अंगात कंपनीचा निळा शर्ट होता, छातीवर त्याचं नाव शिवलेलं. मी शर्टाकडे बघत राहिले.

"मला घेतलं की," तो म्हणाला. "गाडी नको म्हनले. असल्या गाड्या आमच्याकडं लई हाईत, तू ऱ्हा." तो हसला, पण आपण कशाला हसतोय हे त्यालाही नक्की माहीत नसावं. त्यानंच गाडी उलटी चढवली, पट्टे स्वतः आवळले. मी तपासले, मला काही करायचं उरलं नव्हतं. त्यानं पिवळ्या पत्र्यावर एकदा थाप मारली आणि कामाला आत गेला. मागे वळून बघितलं नाही.

आम्ही निघालो. मला पुन्हा गाडीचं इंजिन दिसत होतं. तेव्हा लक्षात आलं, येताना उलटी चढवली म्हणजे आता तिचं तोंड पुण्याकडे आहे. ती आणि मी, दोघी एकाच दिशेला बघत घरी चाललो होतो. खंबाटकी मागे गेला, सातारा मागे गेला. तिच्या तोंडासमोर काय काय लहान होत गेलं, ते मला तिच्या टपावरून दिसत होतं.

वाडीत पोचलो तर आप्पा गोठ्याच्या दारात होते. मला वाटलं होतं तिथे म्हशी असतील. गोठा झाडून रिकामा होता, म्हशी पत्र्याखालीच होत्या. काकींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. आम्ही ट्रॉली दाराला लावली, फळ्या टाकल्या, आणि गाडी तोंड पुढे करून सरळ गोठ्यात उतरली. सोपं काम. मामा पट्टे गुंडाळायला लागले.

"फिरवा," आप्पा म्हणाले.

"आता कशाला, आप्पा?" मामा म्हणाले. "पोचली की घरात."

"फिरवा म्हनतोय न्हवं. दाराकडं तोंड करा तिचं."

गोठ्यात वळायला जागा नव्हती. परत बाहेर काढली, गल्लीतून माणसं बोलावली, सगळ्यांनी ढकलून वळवली आणि मागून आत घातली. आप्पा स्वतः पुढच्या चाकापाशी वाकून बघत होते, सरळ आहे का. दार उघडलं की समोर रस्ता, आणि गाडीचं तोंड रस्त्याकडे. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि काच पुसली.

गिऱ्हाइकाला मी पट्ट्यांशिवाय दुसरं काही विचारत नाही. त्या दिवशी विचारलं, "आप्पा, आता ही कुठं जाणार आहे?"

"कुठं न्हाई."

"मग?"

"मग काय?" काच पुसता पुसता आप्पा म्हणाले. "असू दे की."